जुनी तलवार की जुनी केलेली तलवार?

मार्च २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या कोर्टे लिन्सखोटेन नावाच्या छोट्या नदीचा गाळ उपसण्याचं काम चालू होतं. त्या गाळातून एक तलवार वर आली. अभ्यासकांनी तिचा काळ साधारण १०५० ते ११५० असा ठरवला आणि २०२५च्या उन्हाळ्यात ती लायडेनच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मांडली गेली. लांबी मीटरभर, मुठीपाशी रुंद आडवी दांडी, पात्यावर तांब्यानं भरलेली चिन्हं. तिचे फोटो जगभर फिरले आणि बघणाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडला: हजार वर्षं चिखलात पडलेलं लोखंड इतकं शाबूत राहील कसं? ही खरी आहे ना?

शंका रास्त आहे. युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींच्या नकला निदान दोनशे वर्षं होत आल्या आहेत आणि त्यातल्या काही फार हुशारीनं केलेल्या आहेत. पण ही पारख करायची कशी, याबद्दल बहुतेकांची कल्पना उलटी असते. आपण आधी गंज बघतो. जाणकार माणूस तलवार आडवी धरतो, एक डोळा मिटतो आणि धारेच्या बाजूनं तिची जाडी बघतो. तो असं का करतो हे कळलं की निम्मा विषय कळला.

## आधी ‘खोटी’ म्हणजे काय ते ठरवू

खरी आणि खोटी असे दोनच कप्पे केले की गोंधळ सुरू होतो. मधे बरंच काही असतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपला मध्ययुगाचं वेड लागलं होतं. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या उमरावानं तर जुन्या पद्धतीच्या घोडेस्वारांच्या झुंजींचा सोहळाच भरवला. सरदार मंडळी चिलखतं चढवून आली आणि धो धो पावसानं सगळ्याचा चिखल केला. वेड मात्र ओसरलं नाही. श्रीमंतांना वाड्यांच्या भिंतींवर ढाली-तलवारी हव्या होत्या आणि अस्सल माल पुरत नव्हता. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिट यांच्यासारखे कारखानदार प्रतिकृती बनवून उघडपणे विकत. त्यात फसवणूक काही नव्हती, कारण आपण काय घेतोय हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. पण ते गिऱ्हाईक गेलं, त्याची मुलं गेली, पावत्या हरवल्या. आज त्या तलवारीवर शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रामाणिक गंज आहे आणि पणतवाला मनापासून वाटतं की ही जेरुसलेमसाठी झालेल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांतली. इथे खोटं कुणीच बोलत नाहीये, तरी तलवार मध्ययुगीन नाही.

दुसरा प्रकार जोडकामाचा: पातं अस्सल चौदाव्या शतकातलं, मूठ मात्र नंतर कुणीतरी बसवलेली. याला लगेच लबाडी म्हणू नये. चांगलं पातं महाग असे, ते बापाकडून मुलाकडे जाई, आणि फॅशन बदलली की त्याला नवी मूठ लागे. आजोबांच्या छत्रीचं कापड दोनदा बदललं आणि दांडा एकदा, तरी घरात ती आजोबांचीच छत्री राहते, तसंच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘ज्वायूझ’ शार्लमेन सम्राटाची म्हणून सांगितली जाते आणि फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकात ती मिरवली जाई. तिचे भागही वेगवेगळ्या शतकांतले मानले जातात. वर १८०४ साली नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी तिच्या मुठीवरची जुन्या राजघराण्याची लिलीची फुलं काढून टाकली. ती खरी की खोटी? खरीच आहे, फक्त एका काळातली नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ठरवून केलेली फसवणूक. चौथा प्रकार, म्हणजे खुद्द मध्ययुगातच झालेली बनावट, सगळ्यांत मजेदार आहे. त्याकडे पुढे येतोच.

## जडपणाचा गैरसमज

सरदाराची तलवार दहा-पंधरा किलोची असे आणि ती उचलायला राक्षसी ताकद लागे, असं आपण ऐकत आलो आहोत. ते साफ चूक आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक तेराव्या शतकातली तलवार आहे. ती १८२५ साली लिंकनशायरमधल्या विथम नदीत सापडली. लांबी ९६ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन सुमारे १.२ किलो. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली उचलली की जवळपास तेवढंच वजन हातात येतं. एका हातानं चालवायच्या बहुतेक तलवारी एक ते दीड किलोतच बसतात. दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीही बऱ्याचदा दोन किलोच्या आतच असतात.

आता किलोभर लोखंड मीटरभर लांबीत पसरायचं आणि तरी ते हातात खेळलं पाहिजे, तर ते पसरायचं कसं? हातोडी दांड्याच्या टोकाला धरली तर जड वाटते आणि डोक्यापाशी धरली तर हलकी वाटते. वजन तेच असतं, फक्त ते हातापासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. जुन्या लोहाराला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तो पातं मुठीपाशी जाड ठेवी, पाच-सहा मिलिमीटर, आणि टोकाकडे ते उतरवत उतरवत दोन-अडीच मिलिमीटरवर आणी. मासे धरायची काठी हाताशी जाड आणि शेंड्याला बारीक असते, तसा हा जाडीचा उतार. शिवाय मुठीच्या शेवटाला लोखंडी गोळा असे. तो नुसता शोभेचा नसून तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं काम करी. त्यामुळे तलवारीचा तोल आडव्या दांडीपासून जेमतेम वीतभर पुढे सापडतो.

नकला इथेच उघड्या पडतात. नक्कल करणारा बहुतेक वेळा समोरून काढलेल्या चित्रावरून किंवा फोटोवरून काम करतो आणि समोरून जाडी दिसत नाही. रुंदी दिसते, लांबी दिसते, गोळ्याचा आकार दिसतो, नक्षी दिसते. हे सगळं तो हुबेहूब आणतो. पण पातं मात्र सारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेलं असतं, फूटपट्टीसारखं. मग ती तलवार दोन-अडीच किलोची होते आणि हातात घेतली की टोक जमिनीकडे धावतं. भिंतीवर टांगायला ती उत्तम असते, फक्त तिच्याशी कुणी लढू शकलं नसतं. तलवार हे आधी हत्यार होतं, त्याची देखणी वस्तू नंतर झाली, हे नक्कल करणारा विसरतो.

पात्याच्या मधोमध जी लांब पन्हळ असते तिच्याबद्दलही एक दंतकथा चिकटलेली आहे, की ती रक्त वाहून जाण्यासाठी असते. तसं काही नाही. पन्हळीमुळे लोखंड कमी लागतं, वजन घटतं आणि कणखरपणा फारसा कमी होत नाही. पारखीसाठी महत्त्वाचं हे, की हातानं काढलेली पन्हळ किंचित वाकडी चालते, तिची खोली बदलते आणि टोकाकडे ती हळूहळू विरून जाते. यंत्रानं कोरलेली पन्हळ आखल्यासारखी सरळ असते आणि शेवटी चाकाचा गोल ठसा सोडून एकदम थांबते.

## घाट आणि काळ यांचा मेळ

गाड्यांची आवड असलेला माणूस नुसत्या दिव्यांच्या आकारावरून मॉडेल कोणत्या दशकातलं ते सांगतो. तलवारींचंही तसंच आहे. इंग्रज अभ्यासक एवर्ट ओकशॉट यांनी विसाव्या शतकात मध्ययुगीन तलवारींची वर्गवारी केली, दहापासून बावीसपर्यंत रोमन अंकांनी. दहाच्या आधीचे क्रमांक व्हायकिंग काळातल्या मुठींच्या जुन्या वर्गवारीत वापरून झालेले होते.

ही वर्गवारी म्हणजे नुसतं आकारांचं कोष्टक नव्हे, आकार बदलण्यामागे कारण असे. अकराव्या शतकात लढवय्यांच्या अंगावर कड्यांचं जाळीदार चिलखत होतं, म्हणून पाती रुंद, चपटी, सपासप वार करणारी. चौदाव्या शतकात पत्र्यांची चिलखतं वाढली. पत्र्यावर वार करून काही होत नाही, सांध्यातली फट शोधून टोक खुपसावं लागतं. म्हणून पाती निमुळती, ताठ, मधे कणा असलेली झाली. आता एखाद्या तलवारीला अकराव्या शतकाची मूठ आणि पंधराव्या शतकाचं खुपसायचं पातं असेल, तर एकतर ते जोडकाम आहे किंवा बनवणाऱ्यानं दोन चित्रांतून एकेक तुकडा उचलला आहे. मात्र एकट्या घाटावरून कुणी ‘अमुक साल’ सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. काही घाट दोन-दोन शतकं टिकले.

## ‘पण गंज बघा की!’

बघू. खरं तर इथे भिंगच घेऊन बसू.

समजा टेबलावर एक तलवार आहे, काळपट तपकिरी, खड्डे पडलेली. पहिल्यांदा पातं आणि आडवी दांडी जिथे मिळतात तो सांधा बघायचा. ओल तिथे अडकून राहते, म्हणून शतकानुशतकांच्या गंजानं तो कोपरा सगळ्यात जास्त खाल्लेला असतो, फट गच्च भरून दगडासारखी झालेली असते. घाईनं चढवलेल्या गंजात बरोबर उलटं असतं. मोकळ्या पृष्ठभागावर गंज दाट आणि ब्रश किंवा ॲसिड जिथे नीट पोचलं नाही तो कोपरा स्वच्छ. कधी त्या फटीत डोकावलं की कानशीच्या ताज्या रेघा चमकताना दिसतात.

मग खड्डे. खरा गंज लहरी असतो. एका ठिकाणी खोल, वीतभर पुढे जवळजवळ काही नाही, धारेचा एक तुकडा नाहीसा आणि शेजारचा धड. ॲसिडनं केलेले खड्डे देवीच्या व्रणांसारखे पातंभर सारख्या खोलीचे पसरतात. रंगही बघायचा. नवा गंज नारिंगी आणि भुरभुरीत, बोटाला लागणारा. जुन्या गंजात खाली धातूला घट्ट चिकटलेला काळा थर असतो आणि वर तपकिरी पापुद्रे. काळानं धातूवर चढवलेल्या अशा थराला पॅटिना म्हणतात.

धारेवर खाच असेल तर खाचेच्या आतला रंग बाहेरच्यासारखाच आहे का? बाहेर काळं आणि आत उजळ असेल, तर ती ‘लढाईतली खूण’ गंजानंतर कुणीतरी हातोडीनं पाडली आहे.

आणि हो, स्वच्छ तलवार म्हणजे नकली असंही नाही. गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. नदीतळाच्या दाट गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिथलं लोखंड हजार वर्षंही तग धरतं. लिन्सखोटेनच्या तलवारीचं कोडं असं सुटतं. उलट २०२१ साली इस्रायलच्या कार्मेल किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी मिळालेली तलवार शंखशिंपल्यांनी आणि वाळूनं इतकी माखलेली होती की नुसता आकार तेवढा कळत होता. ती धर्मयुद्धांच्या काळातली, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची असल्याचं तिथल्या पुरातत्त्व खात्यानं सांगितलं. दोन्ही जवळपास एका वयाच्या, पण अवस्थेत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून अवस्थेवरून वय काढणं म्हणजे सुरकुत्या मोजून जन्मतारीख सांगणं.

## मुठीच्या आत दडलेली शेपटी

पातं आडव्या दांडीपाशी संपत नाही. निमुळतं होऊन ते मुठीच्या लाकडातून आणि गोळ्यातून आरपार जातं. या भागाला आपण शेपटी म्हणू. मध्ययुगात शेपटीचं टोक गोळ्याच्या वर काढून, तापवून, रिवेटसारखं ठोकून चपटं करत. गोळ्याच्या माथ्यावर ते ठोकलेलं टोक दिसतं. तिथे आटे पाडलेला नट असेल, किंवा मुठीत बारीक सळई पात्याला वेल्ड केलेली असेल, तर त्या मुठीचं मध्ययुगाशी काही नातं नाही. मुठीच्या आत बघायला क्ष-किरण उत्तम. दवाखान्यात हाड मोडलंय का बघतात तसाच फोटो काढायचा, तलवारीला धक्काही लागत नाही.

## नाव कोरलंय, मग तर खरीच?

आता तो चौथा प्रकार. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या पुष्कळ तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव लोखंडाच्या अक्षरांत बसवलेलं सापडतं. आजवर दीडशेहून जास्त अशा तलवारी उत्तर आणि मध्य युरोपात मिळाल्या आहेत. एक माणूस दोनशे वर्षं तलवारी घडवणार नाही, म्हणजे हे नाव छापासारखं, आजच्या ब्रँडसारखं वापरलं गेलं. ब्रँड आला की त्याच्या मागोमाग नक्कल येतेच. धातुशास्त्राचे अभ्यासक ॲलन विल्यम्स यांनी यातली बरीच पाती तपासली. काही अतिशय उत्तम, भरपूर कार्बनच्या पोलादाची निघाली, तर काही साध्या लोखंडाला पाणी देऊन वेळ मारून नेलेली. नावात दोन फुल्या असतात. दुसरी फुली शेवटच्या अक्षराच्या आधी येते त्या पात्यांत चांगलं पोलाद जास्त आढळलं, आणि फुली अगदी शेवटी आली किंवा स्पेलिंग चुकलं तिथे माल हलका, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नामांकित बुटांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेले जोड आपण पाहतोच. हजार वर्षांपूर्वीही तेच चालू होतं.

मग असं नकली उल्फबेर्ट आज सापडलं तर त्याला काय म्हणायचं? मध्ययुगीन म्हणून ते शंभर टक्के अस्सल आणि उल्फबेर्ट म्हणून बनावट. संग्रहालय ते आनंदानं ठेवून घेईल.

अक्षरं कशी बसवली आहेत हे ती काय सांगतात यापेक्षा जास्त बोलकं असतं. जुन्या कामात छिन्नीनं चर पाडून त्यात तार किंवा पट्टी ठोकलेली असते. एखादं अक्षर गळून पडलं तर चरात छिन्नीचे टोकदार ठोके राहतात. ॲसिडनं खाऊन काढलेल्या अक्षराच्या तळाशी मात्र सपाट, दाणेदार पृष्ठभाग मिळतो. आणि अर्थ न लागणं हा काही दोष नव्हे. विथम नदीतल्या त्या तलवारीवर सोन्याच्या तारेत अठरा अक्षरं आहेत. २०१५ साली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ती प्रदर्शनात मांडली होती. तेव्हा कुणाला अर्थ लागतो का बघा, असं लोकांना जाहीर आवाहनही केलं. सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून आलेलं नाही.

तारखेच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाच्या ठरलेल्या तलवारी घाटानं युरोपीय आहेत, पण त्यांच्यावर मजकूर अरबी आहे. लुटीतून म्हणा, भेटीदाखल म्हणा, युरोपातल्या अनेक तलवारी इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे गेल्या आणि अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात जमा झाल्या. तिथल्या कारकुनी शिस्तीप्रमाणे त्यांच्यावर नोंद कोरली गेली, बऱ्याचदा हिजरी सनासकट. त्या सालापूर्वी हा घाट अस्तित्वात होता, एवढं त्यावरून पक्कं होतं. युरोपातल्या लोहारांनी जे लिहून ठेवलं नाही ते परक्या शस्त्रागारातल्या दप्तरानं जपलं. आज त्यातल्या बऱ्याच इस्तंबूलमध्ये आहेत, काही टोरांटोच्या रॉयल ओंटारियो संग्रहालयात.

## प्रयोगशाळेत दिलं की झालं ना?

बरंचसं होतं, सगळं नाही.

मध्ययुगातली बरीचशी पाती ज्या लोखंडाची झाली ते कधी वितळलेलंच नव्हतं. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि लोणारी कोळशाच्या त्या भट्ट्या तिथवर पोचत नसत. खनिजातून लोखंडाचा भोकाभोकांचा गोळा तयार व्हायचा आणि त्यात काचेसारखी मळी अडकलेली असायची. लोहार तो ठोकून ठोकून मळी बाहेर काढी. पण स्पंज कितीही पिळला तरी ओलसर राहतोच. उरलेली मळी पात्याबरोबर लांब ताणली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या धाग्यांसारखी दिसते. शिवाय कार्बन सगळीकडे सारखा नसतो. मधे मऊ लोखंड आणि कडांना जोडलेलं कडक पोलाद, असं पातंही मिळतं.

१८५६ नंतर इंग्रज संशोधक बेसेमर यांच्या पद्धतीनं पोलाद वितळवून भरमसाट बनू लागलं. ते एकजीव असतं आणि ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात मॅंगनीज घातलेलं असतं. ‘बाराव्या शतकातल्या’ पात्यात अर्धा-पाऊण टक्का मॅंगनीज सापडलं आणि मळीचा धागा एकही नाही, की प्रकरण तिथेच मिटतं.

पण नक्कल करणारेही शिकतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घडीव लोखंडातही मळी असते. जुन्या फाटकाचे गज, बैलगाडीच्या चाकाची धाव असलं काही जुनं घडीव लोखंड घेऊन कुणी कसबी लोहारानं पातं घडवलं, तर पहिली चाचणी ते पार करू शकतं. मग मळीत नेमके कोणते घटक आहेत इथवर जावं लागतं. दुसरी अडचण अशी की धातूचा कण कापून द्यायला मालक तयार नसतो, आणि तयार नसावंच. म्हणून न कापता आत बघणारी साधनं वापरतात. क्ष-किरण तर आहेतच, शिवाय न्यूट्रॉनचा झोत सोडूनही जुन्या पात्यांची आतली घडण तपासता येते.

क्ष-किरणांची एक जुनी गोष्ट मला फार आवडते. गेल्या शतकाच्या मध्यावर फिनलंडमधले पुरातत्त्वज्ञ योर्मा लेप्पाहो यांनी तिथल्या गंजलेल्या तलवारींचे क्ष-किरण फोटो काढले. डोळ्यांना जिथे नुसता गंज दिसत होता तिथे फोटोत अक्षरं आणि चिन्हं उमटली. नक्कल करणारा आपली मेहनत गिऱ्हाइकाला दिसेल अशी मांडतो. गंजाच्या खाली, कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी तो नाव भरत बसत नाही.

## कार्बन डेटिंग का करत नाहीत?

करता येतं, फक्त वाटतं तेवढं सरळ नाही. या पद्धतीत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूतला किरणोत्सारी कार्बन किती उरलाय ते मोजतात. लोखंड कधीच जिवंत नव्हतं, पण पोलादात कार्बन असतो आणि मध्ययुगात तो लाकडाच्या कोळशातून यायचा. म्हणजे झाड तोडल्याचा काळ हाती लागतो. गोम अशी की झाड दोनशे वर्षांचं असू शकतं, आणि लोहारानं जुन्या मोडीत नवं लोखंड मिसळलेलं असू शकतं. मग उत्तर भलतंच येतं. मुठीचं लाकूड किंवा चामडं तपासणं सोपं, पण त्यावरून वय कळतं ते मुठीचं.

एक गंमत मात्र उपयोगी पडते. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, त्यात तो किरणोत्सारी कार्बन शिल्लकच नाही. त्या कोळशावर बनलेल्या आधुनिक पोलादाचं पातं तपासलं तर ते चाळीस-पन्नास हजार वर्षं जुनं असल्याचं उत्तर येतं. बाराव्या शतकातली म्हणून आणलेली तलवार हिमयुगातली ठरली, की मालकाला काय सांगायचं ते ठरलेलं असतं.

## चाचणी ‘हो’ म्हणत नाही

इटलीत तस्कनीमध्ये मोंतेसिएपी टेकडीवर एका खडकात मुठीपर्यंत रुतलेली तलवार आहे. ११८१ साली वारलेल्या संत गालगानो यांनी लढाईचा मार्ग सोडताना ती खुपसली, अशी श्रद्धा. कित्येक वर्षं ती अलीकडची बनावट समजली जायची. २००१च्या सुमारास पाव्हिया विद्यापीठाचे लुइजी गार्लास्केल्ली यांनी तपासणी केली. निष्कर्ष असा, की धातू आणि घाट बाराव्या शतकाशी विसंगत नाहीत. शब्द नीट वाचा. ‘विसंगत नाहीत’ म्हणजे संतांनीच ती खुपसली असं नव्हे, आणि ती खात्रीनं बाराव्या शतकातली आहे असंही नव्हे. एवढंच, की नाकारायला कारण सापडलं नाही. मॅंगनीज, आटे, वेल्डिंग यांतलं एक सापडलं की तलवार बाद होते. काहीच सापडलं नाही तर ती फक्त शर्यतीत राहते.

‘हो’ म्हणायचं बळ येतं ते बहुतेक वेळा धातूच्या बाहेरून. कुठे मिळाली, कुणी काढली, तेव्हा नोंद झाली का, मधे कुणाकुणाच्या हातून गेली. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये कास्तियोंजवळ दोर्दोन्य नदीतून सुमारे ऐंशी तलवारींचा साठा निघाला. १४५३ साली इंग्रज आणि फ्रेंचांमधल्या शंभर वर्षांच्या युद्धातली शेवटची मोठी लढाई तिथेच झाली होती. एकाच जागी, एकाच काळच्या ऐंशी तलवारी, म्हणजे पुढच्या प्रत्येक तलवारीला लावून बघायची पट्टीच. पण यातल्या अनेक तलवारी बाजारात पांगल्या. अशा साठ्याचं नाव जोडलं की तलवारीचा भाव चढतो, म्हणून ते नाव कुठल्या कागदावर, केव्हा आलं हे विचारायचं असतं. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७०च्या युनेस्को करारानंतर तर मालकीचा कागद नसलेली जुनी वस्तू अस्सल असली तरी अडचणीचीच.

## संग्रहालयात आहे म्हणजे तरी खरी?

तिथेही माणसंच असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुई मार्सी नावानं वावरणाऱ्या व्यापाऱ्यानं मध्ययुगीन म्हणून खपवलेल्या वस्तू लंडनच्या नामांकित संग्रहालयांनीही विकत घेतल्या. हा माणूस मूळचा इटालियन अराजकवादी, लुइजी पार्मेज्जानी. पुढे त्यानं पॅरिसहून कलाबाजारातल्या ढोंगावर कोरडे ओढणारं नियतकालिकही काढलं. विषयाचा अनुभव दांडगा होता, एवढं मान्य करायला हवं.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळच्या स्मारकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या स्कॉटिश वीर विल्यम वॉलेसची म्हणून सव्वापाच फुटांहून लांब, दोन हातांची तलवार ठेवलेली आहे. वॉलेसला १३०५ साली मारलं आणि ही तलवार आज दिसते त्या रूपात अभ्यासकांना त्याच्या काळातली वाटत नाही. ती बघायला लोक मात्र रांगा लावतात. संग्रहालयातल्या पाट्या म्हणूनच शब्द न शब्द वाचाव्यात. ‘तेराव्या शतकातली’, ‘तेराव्या शतकातल्या शैलीची’ आणि ‘परंपरेनुसार अमक्याची’ ही तीन वेगळी विधानं आहेत. लिहिणाऱ्यानं ती तोलून लिहिलेली असतात.

## फोटोवरून सांगता येईल का?

बाद करता येतं, पास करता येत नाही. कुणी तुम्हाला तलवारीचा फोटो दाखवून मत विचारलं, तर समोरून काढलेल्या देखण्या फोटोवर वेळ घालवू नका. पात्याच्या कडेनं काढलेला एक फोटो मागा, एक गोळ्याच्या माथ्याचा आणि एक आडव्या दांडीच्या फटीचा, अगदी जवळून. वजन ग्रॅममध्ये, आणि जाडी तीन ठिकाणची: मुठीपाशी, मध्यावर आणि टोकापासून चार बोटं अलीकडे.